'डिझेल जास्त ताकदवान म्हणून वाफेचं इंजिन गेलं' – हे वाक्य फलकावर चालेल का?

फिशप्लेट
मंडळी, कोथरूडच्या एका शाळेत रेल्वेवर छोटं प्रदर्शन आहे. त्यातल्या एका फलकाचा मजकूर असा ठरलाय:

"पुण्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला पॅसेंजर गाड्या वाफेची इंजिने ओढत. डब्ल्यूडीएम-२ हे २६०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन अधिक ताकदवान असल्याने त्याने वाफेच्या इंजिनाची जागा घेतली."

पहिल्या वाक्याबद्दल तक्रार नाही. मुंबईकडची बाजू १९२९-३० मध्येच विजेवर गेली होती, त्यामुळे वाफ उरली ती दौंड-सोलापूरकडे आणि मिरजेकडे. शंका दुसऱ्या वाक्याची आहे. खरंच फक्त ताकद? फलकावर ४० शब्द मावतात, त्यामुळे उत्तर कितीही लांब असलं तरी शेवटी ४० शब्दांत बसवायचंय.

खिडकीची_सीट
पुण्यात पाटी लागणार आणि त्यात कुणाला चूक सापडणार नाही, असं कसं होईल? खुर्ची घेतली आहे.

आठवा_नॉच
वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. 'ताकद' म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. एक ओढ, म्हणजे गाडी जागची हलवायला चाकाच्या कडेला किती किलो जोर मिळतो ते. दुसरी अश्वशक्ती, म्हणजे तो जोर किती वेगाला टिकतो ते.

ब्रॉडगेजचं प्रमाणित पॅसेंजर इंजिन डब्ल्यूपी घ्या. सिलिंडरचा व्यास सव्वावीस इंच, दट्ट्याची धाव २८ इंच, चाक ६७ इंच, वाफेचा दाब चौरस इंचाला २१० पौंड. ओढीचं सूत्र: ०.८५ × दाब × व्यासाचा वर्ग × धाव ÷ चाक. उत्तर येतं साधारण ३०,६०० पौंड, म्हणजे १३,९०० किलो.

डब्ल्यूडीएम-२ ची सुरुवातीची ओढ ३०,४५० किलो. दुपटीहून जास्त.

आता हे का, ते बघा. डब्ल्यूपीची चाकरचना ४-६-२. पुढची चार आणि मागची दोन चाकं फक्त भार वाहतात, ओढतात मधली सहाच. तीन आस (चाकांच्या जोडीचे दांडे), प्रत्येकी साडेअठरा टन, म्हणजे रुळाला 'चिकटणारं' वजन ५५ टनांच्या आसपास. डिझेलचं सगळं ११२.८ टन वजन मोटर लावलेल्या सहा आसांवर आहे. दोघांनीही ओढ आणि चिकटणारं वजन यांचं प्रमाण पाव भागाच्या आसपासच ठेवलंय. म्हणजे डिझेलचा चमत्कार इंजिनात कमी आणि चाकांखाली जास्त आहे.

१०० ला १ चढावर गाडी हलवायची तर दर टनाला चढाचे १० किलो आणि सुरुवातीच्या घर्षणाचे ५ किलो असे १५ किलो लागतात. डब्ल्यूपी ९२५ टन हलवेल, डिझेल २०३० टन.

नियमावली
इंजिनानं स्वतःलाही ओढायचं असतं हे विसरलात. डब्ल्यूपी टेंडरसकट (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) १७० टनांच्या घरात जाते. ९२५ मधून ते वजा करा, मागे उरतात ७५५. डिझेलचे ११३ वजा केले तर १९१७. म्हणजे फरक दुपटीचा नाही, अडीचपटीचा.

भरलेला डबा ४५ टनांचा धरला तर १६ डब्यांपर्यंत डब्ल्यूपी कागदावर हलते. वळण असेल, रूळ ओला असेल, तर तेवढीही नाही.

आठवा_नॉच
मान्य. टेंडर राहिलंच.

आणि उलट बाजूही सांगतो, नाहीतर डिझेलचा प्रचार वाटेल. हे गणित फक्त गाडी हलवण्याचं आहे. पुढे डिझेलची अश्वशक्ती ठरलेली असते. २६०० पैकी चाकाच्या कडेला येतात २००० च्या आसपास. अश्वशक्तीला २७० ने गुणायचं आणि ताशी किलोमीटरनं भागायचं. ५० च्या वेगाला ओढ राहते १०,८०० किलो. त्याच चढावर चालत्या गाडीला टनाला १४ किलो धरले तर इंजिनासकट ७७० टन, म्हणजे मागे १४-१५ डबे. त्याहून मोठी गाडी असेल तर चढावर वेग पडणारच. म्हणून तर दोन डिझेलं जोडतात.

लोणंदचा_कांदा
दोन डिझेलं जोडली तरी माणसं एकाच इंजिनावरची पुरतात ना?

आठवा_नॉच
हो, आणि ते हिशोबात फार मोठं आहे. दोन इंजिनांमध्ये कंट्रोलची जम्पर केबल आणि हवेचे पाइप जोडले की मागचं इंजिन पुढच्याच्या हँडलवर चालतं. वाफेची दोन इंजिनं म्हणजे दोन भट्ट्या, दोन ड्रायव्हर, चार फायरमन, आणि एकमेकांशी बोलायला फक्त शिट्टी.

इंजेक्टर
ताकदीवर एवढी पाटी भरली, पण खरी गोष्ट पाण्याची आहे. ते कुणी काढलंच नाही.

डब्ल्यूपीच्या टेंडरमध्ये १५ टन कोळसा आणि २५,००० लिटर पाणी. आपल्याकडच्या कोळशाचा एक किलो साधारण सहा किलो पाण्याची वाफ करतो, राख जास्त असेल तर त्याहून कमी. म्हणजे २५ टन पाणी संपायला सव्वाचार टन कोळसा पुरे. कोळसा दोन-तृतीयांशाहून जास्त शिल्लक असताना टेंडर कोरडं! म्हणून प्रत्येक मोठ्या स्टेशनावर पाण्याचा नळ लागतो, तोही असा की बारा-पंधरा मिनिटांच्या थांब्यात टेंडर भरेल. नळ आला की टाकी आली, टाकी आली की पंपघर, पंपघर आलं की विहीर नाहीतर नदी. आणि सोलापूरच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये विहिरीचं काय होतं ते सांगायला नको.

हे झालं पाणी मिळण्याबद्दल. मिळालेलं पाणी कसं आहे, ही त्याहून मोठी डोकेदुखी. दख्खनच्या काळ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुतेक जड. उकळलं की क्षार तळाला आणि नळ्यांवर बसतात. थर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, धातू तापतो, नळ्यांची तोंडं गळू लागतात. क्षार पाण्यात साठत गेले की फेस येतो, फेसाबरोबर पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून सिलिंडरचं झाकण फुटतं किंवा दट्ट्याचा दांडा वाकतो. सुटताना इंजिन दोन्ही बाजूंनी फुस्सकन वाफ सोडतं ना, ते सिलिंडर कॉक. थंड सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी बाहेर काढायला ते उघडे ठेवतात. फोटोत छान दिसतं म्हणून नाही.

उपाय एकच, बॉयलर धुणं. पाणी चांगलं असेल तर दोन-तीन आठवड्यांनी, वाईट असेल तर आठवड्याला. आग काढायची, बॉयलर हळूहळू निववायचा, वॉशआउट प्लग काढायचे, दाबाच्या पाण्यानं गाळ बाहेर काढायचा, सळईनं कोपरे खरवडायचे, प्लगचे आटे तपासून परत बसवायचे. घाई करून गरम बॉयलरवर थंड पाणी मारलं की स्टे (आतला-बाहेरचा पत्रा जोडणारे बोल्ट) तुटतात आणि पत्र्याला चिरा जातात. एक-दोन दिवस इंजिन शेडमध्ये बसून.

डिझेलला पाणी लागतं ते फक्त थंडाव्याला, तेही बंद फेऱ्यात, गंजरोधक घातलेलं.

खिडकीची_सीट
म्हणजे वाफेचं इंजिन मुळात पाणीपुरवठा खातं होतं, गाडी ओढणं हा जोडधंदा.

दोन_बोटं_वाफ
इंजेक्टर, तुमच्या नावाचं उपकरण राहिलं की.

इंजेक्टर
मुद्दाम ठेवलं होतं, धागा लांबेल म्हणून. आता विचारलंत तर ऐका. टेंडरचं पाणी १४-१५ किलो दाबाच्या बॉयलरमध्ये ढकलायचं, तेही त्याच बॉयलरच्या वाफेनं. वाफ अरुंद नळीतून सुसाट निघते, थंड पाण्यात मिसळून घट्ट होते, तो वेग पाण्याला मिळतो, मग रुंद होत जाणाऱ्या नळीत वेगाचा दाब होतो. हलणारा भाग जवळजवळ नाही. पण अट एक: पाणी थंड हवं. टेंडरचं पाणी तापलं किंवा वाफेचा व्हॉल्व्ह गळून इंजेक्टरच तापला, की वाफ नीट घट्ट होत नाही आणि सगळं खालच्या पाइपातून बाहेर सांडतं. मग अंगावर ओली चिंधी टाकून किंवा पाणी ओतून इंजेक्टर थंड करायचा आणि पुन्हा लावायचा. म्हणून दोन इंजेक्टर असतात. दोन्ही एकदम रुसले आणि बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी खाली जाऊ लागलं, तर गाडी थांबवून आग काढण्याशिवाय पर्याय नाही.

नियमावली
आणि आग काढली नाही तर लेड प्लग. फायरबॉक्सच्या छताला शिशाच्या मिश्रधातूनं भरलेला प्लग असतो. छत उघडं पडलं की तो वितळतो आणि वाफ आगीवर येते. छताचा पत्रा वाचतो, गाडी मात्र तिथेच.

राखखड्डा
पाण्यावर झालं, वेळेवर मी लिहितो. फलकावर काय जावं याचं माझं उत्तर तेच आहे: वेळ.

थंड बॉयलर पेटवायचा तर:

आधी काचेत पाणी अर्ध्याच्या जरा खाली. तापल्यावर ते फुगून वर येतं. दोन्ही काचांचे कॉक उघडबंद करून पाणी खरंच हलतंय का बघायचं. तुंबलेली काच खोटं बोलते आणि त्यातून स्फोट झालेले आहेत. मग जाळीवर कोळशाचा पातळ थर, वर लाकूड आणि तेलात भिजवलेला बोळा. सुरुवातीला ओढ नसते, म्हणून शेजारच्या तापलेल्या इंजिनाची वाफ नळीनं आणून ब्लोअरला (धुराड्यात ओढ तयार करणारा वाफेचा झोत) लावतात, नाहीतर धूर शेडभर. यापुढे संयम. मोठा बॉयलर थंडपासून कामाच्या दाबावर आणायला आठ ते बारा तास. लवकर होत नाही असं नाही, करू नये. तांबं आणि पोलाद सारखं प्रसरण पावत नाही, आतला पत्रा बाहेरच्यापेक्षा आधी तापतो, आणि त्यांना जोडणारे शेकडो स्टे ताणले जातात.

तोवर फिटर आणि फायरमन खाली तेल घालत असतात. आसपेट्या, क्रॉसहेड, रॉडची टोकं. सिलिंडरच्या जाड तेलाचा ल्युब्रिकेटर वेगळा. एक बूच विसरलं की तापलेला बेअरिंग, आणि वितळलेला पांढरा धातू पुढच्या स्टेशनावर दाखवायला.

परत आल्यावर राखेच्या खड्ड्यावर. जाळी हलवून राख खाली पाडायची, खंगर (वितळून थिजलेली राख) चिकटला असेल तर लांब सळईनं फोडायचा, धुराच्या पेटीतली काजळी-खडी फावड्यानं काढायची. मग कोळसा, पाणी, वाळू, आणि टर्नटेबलवर तोंड फिरवणं. दोन-तीन तास गेलेच. चांगली जागती आग पसरून, झाकून ठेवायची. इंजिन उभं असतानाही माणूस हवाच आणि कोळसा जळतोच.

हे सगळं दर दीडशे-दोनशे किलोमीटरला, कारण तोवर जाळी राखेनं भरते. पुणे-सोलापूर २६४ किलोमीटर. त्यात एक इंजिन बदल धरा. आता सांगा, चार गाड्या चालवायला किती इंजिनं लागतील?

डब्ल्यूडीएम-२ मध्ये ५००० लिटर तेल. किलोमीटरला चार-पाच लिटर धरलं तर हजार किलोमीटर. सोलापूरला जाऊन परत आलं तरी टाकीत डबडबाट. फलकावर हे लिहा.

लोणंदचा_कांदा
'डबडबाट' फलकावर नको, ४० शब्दांत महाग पडेल.

फावडं
सगळे एकाच बाजूनं बोलताय म्हणून विरोधात लिहितो. कोळसा आपला होता, डिझेल बाहेरून. १९७३ मध्ये कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला. आणि आपण १९७० मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यात 'अंतिम सितारा' हे शेवटचं इंजिन काढून ब्रॉडगेजचं वाफेचं उत्पादन थांबवून बसलो होतो, दोन वर्षांत मीटरगेजचंही. वाफेचं इंजिन गावातल्या फिटरला दुरुस्त करता येतं: हातोडा, छिन्नी, रिव्हेट. डिझेलच्या इंधन पंपात धूळ गेली की काम संपलं. नॉझल सुमारे २८० किलो दाबाला बरोबर उघडतं का हे बघायला वेगळी चाचणी, बंद खोली, स्वच्छ हात. स्वस्त इंजिन सोडून महाग इंजिन घेतलं, आणि वर 'प्रगती' म्हणायचं.

राखखड्डा
फावडं, उत्पादन थांबलं म्हणजे इंजिनं थांबली नाहीत. ब्रॉडगेजची नियमित वाफ ६ डिसेंबर १९९५ पर्यंत पंजाबात धावत होती. तुम्ही म्हणता तेच केलं गेलं: होती ती इंजिनं झिजेपर्यंत वापरली, नवी घेतली नाहीत.

आणि 'कोळसा आपला' हे पुण्यापुरतं अर्धंच खरं. पुण्याच्या आसपास खाण नाही. जवळचा कोळसा म्हणजे वर्धा खोरं, चंद्रपूर-बल्लारपूर. तिथून इंजिनाचा कोळसा मालगाडीनं आणायचा, आणि ती मालगाडी ओढायलाही कोळसा. भुसावळ-नागपूर बाजूला जे परवडतं ते इथे परवडेलच असं नाही. शिवाय कोळशातली उष्णता शंभर धरली तर चाकापर्यंत सहा ते आठ पोहोचते. डिझेलची पंचवीसच्या वर.

फावडं
वर्धा खोऱ्याचं पटलं. बाकी मत तेच. सरळ वीज आणायची होती, मधलं डिझेल कशाला? दख्खनची राणी १९३० पासून विजेवर, आणि दौंडची तार यायला एकविसावं शतक उजाडलं.

नियमावली
वीज आणायची तर खांब, तारा, उपकेंद्रं यांचा खर्च आधी करावा लागतो, गाड्या कितीही असोत. दिवसाला मोजक्या गाड्यांच्या एकेरी मार्गावर तो निघत नाही. डिझेलला फक्त तेलाची टाकी आणि एक चांगलं शेड. पुण्याला ते घोरपडीला झालं.

मुकादम
रुळाच्या बाजूनं कुणी बोललं नाही. वाफेच्या इंजिनाचे दट्टे आणि जाड रॉड पुढेमागे होतात. त्यांचा तोल साधायला चाकात वजन घालतात, ते वजन फिरताना रुळावर हातोड्यासारखं आपटतं आणि वेग वाढला की वेगाच्या वर्गानं वाढतं. सांध्यांची तोंडं बसतात, स्लीपर सैल होतात. डिझेलमध्ये हे नाही. पण डिझेलही साधूसंत नव्हे. त्याची मोटर अर्धी आसावर टेकलेली, ते वजन स्प्रिंगशिवाय थेट रुळावर. त्रास आहे, फक्त वेगळ्या जागी.

वाठार_स्टेशन
मिरज मार्गाबद्दल एक वेगळी गोष्ट. पुणे-मिरज मीटरगेजवरून ब्रॉडगेज झाली १९७१ मध्ये. म्हणजे तिथे प्रश्न 'वाफ की डिझेल' एवढाच नव्हता. गेजच (रुळांमधलं अंतर) बदललं की मीटरगेजच्या वायपी-वायजी कितीही धडधाकट असल्या तरी त्या रुळावर उभ्याही राहू शकत नाहीत. नव्या रुळावर सगळी इंजिनं नवीच येणार, मग ब्रॉडगेजच्या वाफेसाठी टाक्या, खड्डे, टर्नटेबल नव्यानं का बांधायचं? फलकात 'दक्षिणेला' म्हणताय तर गेजबदल घाला.

दुसरं, उतार. सालपे-आदर्की-वाठार घाटात चढण्याइतकंच उतरणं महत्त्वाचं. वाफेच्या इंजिनाला ब्रेक म्हणजे चाकाला दाबलेले ठोकळे. ब्रेक सुटे ठेवायला इंजिनात ५३ सेंटिमीटर व्हॅक्युम राखायचा, लांब उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक लावून तो खाली गेला की परत चढायला वेळ लागतो, आणि ठोकळे लाल होतात. डिझेलमध्ये उतारावर मोटरींनाच जनित्र करतात, तयार झालेली वीज छतावरच्या रोधकांत जाळतात, पंखा ती उष्णता उडवून देतो. ठोकळे थंड, चाकं शाबूत. अगदी कमी वेगाला हा ब्रेक पकडत नाही, शेवटचं थांबवायला ठोकळेच.

खिडकीची_सीट
अवांतर: मिरजेला तेव्हा तीन गेज एकाच स्टेशनात, बरोबर? ब्रॉड, मीटर आणि बार्शी लाइटचं नॅरो.

कुर्डुवाडी_जंक्शन
बरोबर. बार्शी लाइट अडीच फुटी, १८९७ मध्ये सुरू, मिरजेपर्यंत १९२७. ती उभारणाऱ्या कॅलथ्रॉप साहेबाचा हट्ट असा की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त नको. म्हणून किटसन कंपनीची ०-८-४ इंजिनं: वजन पसरायला आठ चाकं ओढणारी, चार आधाराला. वर 'चिकटणारं वजन' म्हणून जे आलंय तेच तत्त्व, इतकं जुनं.

लोणंदचा_कांदा
माथेरान पण घ्या आता. उरलाय कशाला.

कुर्डुवाडी_जंक्शन
माथेरान दोन फुटी, २० ला १ चढ, आणि तिथल्या वाफेच्या इंजिनांचे टोकाचे आस वळणावर बाजूला सरकायचे. स्वतंत्र धागा काढा, इथे नको.

पाववाला_डबा
एवढं वाचल्यावर प्रश्न: डिझेल म्हणजे किल्ली फिरवली की चालू?

आठवा_नॉच
तसं असतं तर बरं झालं असतं. रात्रभर बंद ठेवलेल्या डब्ल्यूडीएम-२ साठी: वंगणाचं तेल डिपस्टिकवर, थंडाव्याचं पाणी वरच्या टाकीच्या काचेत, गव्हर्नर आणि कॉम्प्रेसरचं तेल. मग सोळाही सिलिंडरचे चाचणी कॉक उघडायचे आणि इंजिन लांब दांड्यानं हातानं दोन फेरे फिरवायचं. एखाद्या कॉकमधून पाणी आलं तर थांबा. आत गळती आहे, तसंच चालू केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सिलिंडर कॉकचा वर आलेला धडा, फक्त यंत्र वेगळं. कॉक बंद, बॅटरी स्विच, इंधन पंप, इंधनाचा दाब स्थिर झाला की स्टार्ट बटण. तेव्हा मुख्य जनित्र उलटं मोटर बनून ६४ व्होल्टच्या बॅटरीवर इंजिन फिरवतं. बॅटरी मेली असेल तर इंजिन मेलं. म्हणूनच पुष्कळदा ते बंदच करत नाहीत, ४०० फेऱ्यांवर गुरगुरत ठेवतात. चालू झालं तरी पाणी कोमट होईपर्यंत जोर द्यायचा नाही.

सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. आठ-बारा तासांशी तुलना तुम्हीच करा.

बिघाड होतो तो असा की डोळ्यांना दिसत नाही. वंगणाचा दाब पडला तर स्विच इंजिन बंद करतो. मोटरच्या तारेचं आवरण फुटलं तर ग्राउंड रिले पडतो. एकदा-दोनदा परत लावता येतो, हट्टानं लावत राहिलं तर मोटर जळते. चढावर कमी वेगात पूर्ण जोर देत राहिलं तरी मोटरी जळतात. वाफेचं इंजिन दमलं तर नुसतं उभं राहतं, डिझेल रेंगाळताना स्वतःला भाजून घेतं.

पाववाला_डबा
आणि तो काळा धूर? डिझेल आलं तरी धूर राहिलाच.

आठवा_नॉच
नॉच (जोर वाढवायच्या हँडलचा टप्पा) ओढला की तेल लगेच वाढतं, टर्बोला (इंजिनात हवा ढकलणारा पंखा) वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ हवा कमी, तेल जास्त, म्हणून काळा. टर्बोनं वेग घेतल्यावर साफ व्हायला हवा. झाला नाही तर हवेची गाळणी तुंबलीय किंवा नॉझल ठिबकतंय.

दोन_बोटं_वाफ
वाफेतही काळा धूर हा गुन्हाच होता. चांगला फायरमन थोडं आणि वारंवार टाकतो: मागचे दोन कोपरे, मग बाजू, मग पुढे चिमूटभर, आणि प्रत्येक फावड्यानंतर दार बंद. दार उघडं राहिलं की थंड हवा थेट नळ्यांच्या तोंडावर जाते आणि ती गळू लागतात. धुराड्यावर फिकट राखाडी दिसला पाहिजे. काळा म्हणजे कोळसा जास्त, काहीच नाही म्हणजे हवा जास्त किंवा आगीला भोक पडलंय. हातानं ताशी दीड-दोन टनांच्या वर टिकवता येत नाही. तिथे वाफेच्या इंजिनाची अश्वशक्ती संपते. बॉयलरमध्ये नाही, माणसाच्या पाठीत.

खिडकीची_सीट
हे वाक्य सगळ्यात आवडलं. पण फलक शाळेचा आहे.

नियमावली
एक गैरसमज तेवढा राहू नये: डिझेल आल्यावर टर्नटेबल लगेच निकामी झालं नाही. डब्ल्यूडीएम-२ ला केबिन एकाच टोकाला. लांब नाक पुढे असेल तर एका बाजूचे सिग्नल झाकले जातात, म्हणून आखूड नाक पुढे ठेवायला फिरवणं सोयीचंच.

फिशप्लेट
सगळ्यांचे आभार. पाणी, वेळ, ओढ, गेजबदल घेऊन असं केलंय:

"पुण्याहून सोलापूर-मिरजेकडे वाफेची इंजिने धावत. त्यांना वाटेत वारंवार पाणी, दोनशे किलोमीटरला राख काढणे आणि शेडमध्ये तासन्तास तयारी लागे. डिझेलला हे नको. शिवाय सर्व चाके ओढत असल्याने मोठ्या गाड्या सहज हलत. मिरज मार्गावर १९७१ च्या गेजबदलाने इंजिनेच बदलली."

लोणंदचा_कांदा
मोजले. ४० च्या जेमतेम आत आहेत.

राखखड्डा
'तासन्तास' काढा, 'शेडमध्ये तयारी' पुरे. आणि 'सहज' पण काढा. आठव्या नॉचचं १५ डब्यांचं गणित वाचलं ना?

फावडं
कोळसा स्वस्त होता हे नाहीच का घालायचं?

फिशप्लेट
फावडं, जागा उरली तर. नाही उरणार.

फलकावरचं चित्र पण टाकतो, डब्ल्यूपी म्हणून मिळालंय. चपटं तोंड, मधे गोल झाकण.

मुकादम
ओढणारी चाकं मोजा. एका बाजूला किती?

फिशप्लेट
चार.

मुकादम
मग ती डब्ल्यूपी नाही. डब्ल्यूपीला तीन, आणि तोंड बंदुकीच्या गोळीसारखं पुढे आलेलं, त्यावर चांदणी. चार चाकं आणि सपाट तोंड म्हणजे डब्ल्यूजी असणार, २-८-२, मालगाडीचं.

दोन_बोटं_वाफ
चित्र राहू द्या. डब्ल्यूजी पॅसेंजर गाड्यांनाही लावायचे. खालचं नाव तेवढं बदला.